लेहरा कोणाकडे?

सुरुवातीला एक सूचना. पहिली तीन मिनिटं नीट ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवू नका. मी वाढवला होता. रात्रीची वेळ, कानांवर हेडफोन, आणि आत कुठे तरी लांबून येणारी बारीक टिणटिण. रेकॉर्डिंगच कमी आवाजात झालं असावं असं वाटून मी व्हॉल्यूम चढवत गेलो. साडेतीन मिनिटं उलटली आणि त्याच व्हॉल्यूमवर इलेक्ट्रिक गिटार, बेस आणि ड्रम्स एकदम अंगावर आले. हेडफोन ओढून काढले आणि अल्बम बंद केला. पुन्हा लावायला बरेच महिने गेले.

अल्बमचं नाव ‘लार्क्स टंग्ज इन अ‍ॅस्पिक’. बँड किंग क्रिमसन, देश इंग्लंड, साल १९७३. प्रोग्रेसिव्ह रॉक या प्रकारातल्या अवघड अल्बमांमध्ये याची गणना होते. पण ‘अवघड’ म्हणजे नेमकं काय आणि पहिल्यांदा ऐकताना कान कुठे टेकवायचा, हे कुणी सांगत नाही. तेवढंच इथे सांगायचं आहे.

आधी थोडी ओळख

साठच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या काही रॉक बँडना तीन-चार मिनिटांचं गाणं अपुरं वाटू लागलं. कडवं, ध्रुवपद, मध्ये गिटारचा तुकडा, पुन्हा ध्रुवपद, या चौकटीबाहेर जाऊन त्यांनी युरोपीय शास्त्रीय संगीत, जॅझ आणि लोकसंगीत यांतून हवं ते उचललं. लाँगप्ले तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं मावत होती आणि ती सगळी जागा त्यांना हवी होती. यालाच पुढे प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणू लागले. किंग क्रिमसनचा १९६९ साली आलेला पहिला अल्बम ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग’ हा या प्रवाहाच्या उगमाजवळचा.

त्यानंतर बँडमधली माणसं सतत बदलत राहिली. कायम राहिला तो एकटा रॉबर्ट फ्रिप, मंचावर स्टुलावर बसून गिटार वाजवणारा. १९७२ मध्ये त्याने जवळपास सगळा बँड नव्याने उभा केला. बेस आणि गायनासाठी जॉन वेटन आला, व्हायोलिनला डेव्हिड क्रॉस. ‘येस’ हा बँड ऐन भरात असताना त्याचा ड्रमर बिल ब्रुफर्ड तिथून निघून इकडे आला. पाचवा आला जेमी म्युअर. तो तालवादक खरा, पण त्याच्या वाद्यांत ड्रम कमी आणि भंगार जास्त होतं. पत्रे, साखळ्या, घंटा, शिट्ट्या, खेळणी, जे आवाज करेल ते. पाश्चात्त्य चौकटीबाहेरच्या मुक्त वादनातून, म्हणजे आधी काहीच न ठरवता वाजवण्याच्या परंपरेतून तो आला होता.

अल्बमला नावही त्याच्यामुळेच मिळालं. हे संगीत कसं आहे असं विचारल्यावर त्याने उत्तर दिलं, लार्क्स टंग्ज इन अ‍ॅस्पिक. लार्क म्हणजे चंडोल. अ‍ॅस्पिक म्हणजे हाडं उकळून काढलेल्या रश्शाची जमवलेली खारी जेली. पाया सूप रात्रभर फ्रिजमध्ये राहिलं की सकाळी पातेल्यात जे थरथरताना दिसतं, ते साधारण अ‍ॅस्पिकच. त्या जेलीत चंडोलाच्या इवल्याशा जिभा बसवलेल्या. अत्यंत नाजूक काही तरी आणि त्याच्याभोवती जाड, दाट, थंड काही तरी. अल्बमचं याहून नेमकं वर्णन पुढेही कुणाला फारसं जमलेलं नाही.

कान टेकवायला एक जागा

आपल्याकडचा एकल तबला आठवा. तबलजी कायदे, रेले, गती, तुकडे वाजवत असतो, लय दुप्पट-चौपट करत असतो, आणि शेजारी हार्मोनियम किंवा सारंगी तासभर तेच ते छोटं आवर्तन वाजवत बसलेली असते. तो लेहरा. नवख्याला तो कंटाळवाणा वाटतो. जाणत्याचा कान मात्र लेहऱ्याला धरून असतो, म्हणून तबलजी कितीही लांब गेला तरी तो हरवत नाही.

या अल्बमला हीच किल्ली लागते. पाच जण एकाच वेळी वाजवत असतात. त्यांतला कुणी तरी बहुतेक वेळा एकच लहानशी आकृती पुन्हा पुन्हा वाजवत असतो. रॉकच्या भाषेत तिला रिफ म्हणतात. साध्या रॉकमध्ये लेहऱ्याचं काम ड्रम्स करतात, चार मात्रांचा ठोका धरून ठेवतात आणि बाकीचे त्यावर चालतात. इथे ते काम हातोहात फिरतं. कधी गिटारकडे, कधी बेसकडे, कधी व्हायोलिनकडे, आणि कधी ते कुणीच घेत नाही. ऐकताना ‘हे काय चाललंय’ असं वाटू लागलं की प्रश्न बदलायचा. आत्ता लेहरा कोणाकडे आहे? सापडला की बाकीचे चौघं आपोआप जागेवर दिसू लागतात.

तयारी फार नाही. शफल बंद करा. फोनमधली दोन ट्रॅक एकमेकांत मिसळण्याची सोयही बंद करा. दोन ट्रॅकमधला जोड या अल्बममध्ये कसा महत्त्वाचा आहे ते पुढे येईलच. फोनच्या स्पीकरवर बेस नीट पोचत नाही आणि अर्धा अल्बम बेसवर उभा आहे, तेव्हा हेडफोन किंवा बरे स्पीकर हवेत. व्हॉल्यूम असा ठेवा की सुरुवात जेमतेम ऐकू येईल. एकूण वेळ साधारण ४६ मिनिटं. ट्रॅक सहाच आहेत, तीन पहिल्या बाजूला आणि तीन दुसऱ्या. तिसऱ्या ट्रॅकनंतर थांबा, पाणी प्या. मूळ तबकडी उलटायला श्रोत्याला उठावंच लागायचं आणि मांडणी ते धरूनच केली आहे.

पहिली बाजू

पहिल्या ट्रॅकचं नाव अल्बमचंच, पुढे ‘भाग एक’. लांबी साडेतेरा मिनिटं. सुरुवात थंब पियानोने होते. हे आफ्रिकेचं वाद्य, झिम्बाब्वेत त्याचा एक प्रकार म्बिरा या नावाने वाजतो. लाकडी फळीवर लोखंडी पट्ट्या एका टोकाला घट्ट बसवलेल्या असतात, मोकळं टोक अंगठ्याने दाबून सोडलं की पट्टी थरथरते. त्यात घंटा आणि ग्लॉकेनश्पील मिसळतात. ग्लॉकेनश्पील म्हणजे एका ओळीत मांडलेल्या धातूच्या पट्ट्या, छोट्या हातोडीने वाजवायच्या. कानाला जलतरंगाची आठवण येते, फक्त पाण्याचा ओलावा नाही. म्युअरचा हा भाग जवळजवळ तीन मिनिटं चालतो. लेहरा इथे थंब पियानोकडे आहे, एक छोटी आकृती फिरत राहते.

मग व्हायोलिन येतं, पण सूर लांबवत नाही. आखूड, तुटक, सुईच्या टोकासारखे ठोके. लेहरा आता त्याच्याकडे गेला. त्याखाली गिटार हळूहळू चढू लागते. ऐकताना नकळत खांदे आवळले जातात, आणि नेमक्या त्या क्षणी रिफ कोसळते. मी हेडफोन काढले होते ती ही जागा.

या रिफचा आवाज इतका जड का लागतो? गिटारचा विद्युत संकेत अ‍ॅम्प्लिफायरला पेलवेल त्यापेक्षा जास्त ताकदीने आत सोडला, की ध्वनिलहरींचे उंचवटे वरून सपाट कापले जातात. कापलेल्या लहरीत मूळ स्वराशिवाय त्याच्या वरचे कितीतरी स्वर निर्माण होतात. तानपुऱ्यात जव्हारी नीट लागली की जसा स्वयंभू गंधार ऐकू येतो, तसेच हेही मूळ स्वरातूनच निघालेले स्वर. पण तानपुऱ्यात ते अलगद वर तरंगतात, इथे गर्दी करून येतात. एकाच वेळी दोन-तीन तारा छेडल्या तर त्या गर्दीतले स्वर एकमेकांना घासतात. षड्ज-पंचमासारखी जवळच्या नात्यातली जोडी असेल तर घासणं कमी, नातं जितकं लांबचं तितकं खरखरणं जास्त. फ्रिप ही लांबची नाती मुद्दाम निवडतो. स्ट्राविन्स्की आणि बार्टोक यांच्या संगीताची ओढ आणि हेंड्रिक्सच्या गिटारची ताकद त्याला एकाच ठिकाणी हवी होती, आणि ते एकत्र येणं इथे ऐकू येतं.

रिफ आदळून जाते, ताण पुन्हा साचतो, पुन्हा आदळते. मग सगळे सुटतात. वेटनचा बेस इथे मागे राहून आधार देण्याऐवजी पुढे येऊन गुरगुरतो, ब्रुफर्डचे ड्रम्स तासून काढल्यासारखे नेमके, आणि त्यांच्या फटींमधून म्युअरचे पत्रे आणि साखळ्या. दोन तालवादक काय करतात हे एकदा कळलं की हा गोंधळ उलगडतो. ब्रुफर्ड मोजतो, म्युअर मोजणीवर ओरखडे काढतो. ब्रुफर्डने पुढे अनेकदा सांगितलं की आपल्या वादनाचा दिमाख दाखवण्यापेक्षा संगीताला काय हवंय ते ऐकायला आपण म्युअरकडून शिकलो.

ट्रॅकच्या मध्यावर सगळं विरून जातं. एकटं व्हायोलिन उरतं. इथे लेहरा शोधू नका, तो कुणाकडेच नाही. ठेका नाही, आवर्तन नाही. आपल्या श्रोत्याला ठेक्याविना ऐकायची सवय असते, आलाप आपण तसाच ऐकतो. पण एक फरक लक्षात ठेवावा. आलाप ऐकताना राग ठाऊक असतो, पुढे बंदिश येणार हेही ठाऊक असतं. या व्हायोलिनपुढे काय येणार हे ठाऊक नाही, आणि थोड्या वेळापूर्वीच एकदा अंगावर काही तरी आदळलेलं असल्यामुळे ही शांतता पूर्ण शांत वाटत नाही. संगीतकारांना हेच हवं आहे. जड रिफ दोनदाच वाजली, पण तिची भीती पुढची कित्येक मिनिटं फुकट वाजत राहते. शेवटाकडे माणसांच्या बोलण्याचे पुसट आवाज येतात आणि ट्रॅक मावळतो.

यानंतरची दोन गाणी खऱ्या अर्थाने गाणी आहेत. शब्द रिचर्ड पामर-जेम्सचे. ‘बुक ऑफ सॅटर्डे’ तीन मिनिटांचंही नाही, हळुवार, आणि त्यात एके ठिकाणी गिटार उलटी वाजते, म्हणजे ध्वनिफीत उलट्या दिशेने फिरवलेली. प्रत्येक स्वर आधी फुगतो आणि मग तुटतो. ‘एक्झाइल्स’मध्ये मेलोट्रॉन ऐका. हे कीबोर्डसारखं वाद्य, पण प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा असतो आणि त्यावर व्हायोलिन, बासरी किंवा कोरसचा तो एक स्वर आधीच रेकॉर्ड केलेला असतो. पट्टी दाबली की फीत सरकते, सोडली की मागे जाते. फीत साधारण आठ सेकंदांची, म्हणून कुठलाही स्वर त्याहून लांबवता येत नाही. फीत किंचित डुगडुगते, त्यामुळे सूर जुन्या फोटोसारखा धुरकट येतो. जेलीत गोठवून ठेवलेल्या व्हायोलिनचा आवाज असाच यायचा.

इथे उठा, पाणी प्या.

दुसरी बाजू

‘ईझी मनी’ पाय आपटत येतं आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला दिलासा देतं, कारण लेहरा सहज सापडतो. मन मग म्युअरकडे वळवता येतं. तो कागद फाडतो, चिखलात काही तरी पचपच करतो, काय काय खुळखुळवतो, आणि गाण्याचा शेवट यंत्रातून येणाऱ्या खिदळण्याने होतो. पैशाबद्दलच्या गाण्याखाली चिखलाचा आवाज! विनोद आहे, हसायला हरकत नाही. हा अल्बम फार गंभीर चेहऱ्याने ऐकणाऱ्यांना त्यातला हा वात्रटपणा निसटतो.

पाचवा ट्रॅक ‘द टॉकिंग ड्रम’. टॉकिंग ड्रम हे पश्चिम आफ्रिकेचं डमरूच्या आकाराचं वाद्य. दोन्ही तोंडांची चामडी ज्या दोऱ्यांनी बांधलेली असतात त्या दोऱ्या काखेत दाबल्या की चामडं ताणलं जातं आणि स्वर चढतो. चौंडक्यात तार ताणून स्वर वर-खाली होतो, तत्त्व तेच. सुरुवातीला वाऱ्याची घरघर, मग हा ताल, आणि मग बेस.

इथे बेसकडेच कान ठेवा, कारण सात मिनिटांचा लेहरा त्याच्याकडे आहे आणि तो जवळजवळ काहीच करत नाही. दोन स्वरांभोवती फिरतो. पहिल्याला षड्ज म्हटलं तर दुसरा तीव्र मध्यम. तानपुऱ्यावर षड्ज-पंचम लावला की बैठक मिळते, घरात आल्यासारखं वाटतं. पंचमाच्या अर्धा स्वर अलीकडे थांबलं तर दारापर्यंत येऊन कुलूप न उघडल्यासारखं होतं. आपल्या रागसंगीतात तीव्र मध्यम असतो, पण त्याला पुढे विसावा मिळतो. इथला विसावा काढून घेतला आहे. त्या जोडीवर व्हायोलिन आणि गिटार फिरतात, आवाज दर आवर्तनाला केसाएवढा वाढतो. कुठल्याही एका क्षणी तो वाढल्याचं जाणवत नाही. चौथ्या-पाचव्या मिनिटाला अचानक लक्षात येतं की आता खोलीतल्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागेल. शेवटी कर्कश किंकाळ्या उठतात आणि त्या संपतात न संपतात तोच सहावा ट्रॅक तुटून पडतो. दोघांमध्ये श्वासाचीही जागा नाही. शफल बंद करा म्हटलं होतं ते या एका जोडासाठी.

दहा मोजायचे की नाही?

शेवटचा ट्रॅक ‘भाग दोन’. पहिला भाग पाचही जणांच्या नावावर आहे, हा एकट्या फ्रिपच्या. गिटारची रिफ सुरुवातीलाच येते आणि पाय ठेका धरायला जातो तो चुकतो. चारच्या हिशेबाने पाय पडतो तेव्हा गिटार तिथे नसते.

तालाची सवय असलेल्यांनी भरभर मोजून पाहावं, आवर्तन दहा मात्रांचं भरतं. दहा म्हटल्यावर आपल्याला झपताल आठवतो, पण दोन-तीन-दोन-तीन असे खंड इथे लावायला जाऊ नका. झपतालात टाळी आणि खाली आहे, बायाँ बंद झाला की आपण आवर्तनात कुठे आहोत ते कळतं. इथे तशी खूण कुणी ठेवलेली नाही. आघात कुठे पडतात ते रिफच सांगते. म्हणजे लेहरा गिटारकडे आणि ब्रुफर्ड एकल तबल्यातल्या तबलजीसारखा तिच्याभोवती खेळतो. पुढे मोजणी बदलतेही. पहिल्यांदा ऐकताना मोजू नये असंच मी सुचवेन. रिफचा आकार पाठ होऊ द्या. एखाद्याची चाल जशी पावलं न मोजता ओळखू येते, तशी ती चौथ्या-पाचव्या फेरीला ओळखू येते. त्यानंतर मोजलं तर दहा सहज सापडतात, आधी मोजलं तर फक्त आकडे ऐकू येतात.

मध्ये व्हायोलिन ओरबाडत वर चढतं. पहिल्या ट्रॅकमध्ये एकटं, घाबरलेलं होतं तेच हे व्हायोलिन. तिथे त्याला लेहरा नव्हता, इथे पायाखाली अख्खा बँड आहे. भाग एक आणि भाग दोन यांच्यामध्ये सगळा अल्बम का ठेवला आहे, ते या ठिकाणी समजतं. शेवटी रिफ मोठी होत होत थांबते आणि लांबलेला गजर विरत जातो.

त्यानंतर

अल्बम मार्च १९७३ मध्ये बाहेर पडला तेव्हा म्युअर बँडमध्ये नव्हता. दुखापतीमुळे सोडलं असं तेव्हा सांगितलं गेलं. खरं तर तो सगळं मागे टाकून स्कॉटलंडमधल्या एका बौद्ध मठाकडे निघाला होता. जाण्याआधी त्याने आणखी एक वात सहज लावून दिली. ब्रुफर्डच्या लग्नात ‘येस’चा गायक जॉन अँडरसन त्याला भेटला आणि म्युअरने त्याला परमहंस योगानंद यांच्या ‘योगी कथामृत’ या आत्मचरित्राची वाट दाखवली. त्यातल्या शास्त्रग्रंथांविषयीच्या एका तळटीपेवरून ‘येस’ने चार बाजूंचा, दोन तबकड्यांचा अल्बम उभा केला. बाकीचे चौघं म्युअरविना जवळपास दीड वर्ष पुढे गेले, आणि १९७४ मध्ये फ्रिपने बँडच बंद केला. ‘लार्क्स टंग्ज’ ही रचना मात्र त्याने सोडली नाही. १९८४ मध्ये भाग तीन आला, २००० मध्ये भाग चार. म्युअर पुढे चित्रकार झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये गेला.

त्याची बातमी वाचली त्या रात्री मी अल्बम पुन्हा लावला. थंब पियानोची टिणटिण पहिल्या वेळेइतकीच बारीक होती. पण आता ती ऐकू येत होती. फिरणारी आकृती, तिच्यावर पडणारी एक घंटा, मग दुसरी, त्यांच्यामध्ये सोडलेली जागा. पूर्वी ज्या तीन मिनिटांत काहीच घडत नाही असं वाटलं होतं, त्यांत एक माणूस लेहरा धरून बाकीच्या चौघांची वाट पाहत होता. व्हॉल्यूमचं बटण हाताशीच होतं. त्याला हात लावायची गरज पडली नाही.